हरकत नसल्यास मंजूर

ज्यानं आयुष्यात एक केबल सोलली नाही, त्यानं नेटवर्कच्या भागांची नावं ठरवू नयेत, असं माझं साधं मत होतं. हे मत मी समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडलं असतं, तर मला सन्मानानं बाहेर काढलं असतं आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण मी ते पोटात ठेवलं आणि वर्षभर एकटाच चघळत बसलो. लोकांना तुच्छ लेखायची मला जुनी सवय आहे. फार आरामाची सवय आहे ती, त्यासाठी खुर्चीतून उठावंसुद्धा लागत नाही.

वीस वर्षं मी कंपन्यांची नेटवर्कं सांभाळली. पाठीनं दगा दिल्यावर नागपुरातल्या एका प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागलो. आमच्याकडे शनिवार-रविवारच्या वर्गांना येतात ते बहुतेक नोकरी करणारे लोक, कोणी बुटीबोरीच्या कारखान्यांतले, कोणी दवाखान्यांतले, कोणी कॉलेजांच्या संगणकखोल्यांतले. काम त्यांना येत असतं. कागद नसतो म्हणून येतात.

माझा विषय होता आभासी नेटवर्क. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. पूर्वी दहा यंत्रं एकमेकांना जोडायची तर मध्ये स्विच नावाची एक पेटी लागायची. आता एकाच मोठ्या यंत्राच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरनं अशा पेट्या तयार करता येतात. त्या हाताला लागत नाहीत, पण काम खऱ्या पेटीसारखंच करतात. हे मी पहिल्या तासाला फळ्यावर आकृत्या काढून समजावत होतो, तेव्हा दुसऱ्या बाकावरून एक बाई म्हणाली, "म्हंजे सर, एकाच हॉलात पडदे लावून चार बिऱ्हाडं राहून राहिली, आन एकाले दुसऱ्याचं भांडण ऐकू नाही येत." मी खडू खाली ठेवला. इतकं नेमकं मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

ती कामठीची. घरी माग होते, ते विकले गेले. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत ती सात वर्षं कंत्राटावर होती आणि तिथलं सगळं नेटवर्क तिच्या जिवावर चालत होतं. रोज कामठीहून दोन बस बदलून जायची. गिरणीत त्या विभागाची एक कायम जागा निघणार होती आणि ती आमचं प्रमाणपत्र असलेल्यालाच मिळणार होती. तिनं हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, गयावया न करता, कामाचा तपशील सांगावा तसं. "हे सर्टिफिकेट भेटलं तर मी परमनंट होते. नाही भेटलं तर दुसरा होते." बस, एवढंच. मी म्हणालो, तुला कशाची भीती, तू तर मलाच शिकवशील.

आता समितीकडे येतो. या आभासी पेट्यांची जी आंतरराष्ट्रीय मानकं असतात, त्यांत प्रत्येक भागाला इंग्रजी नाव असतं, आणि प्रत्येक कंपनी त्याच भागाला आपापलं वेगळं नाव ठेवते. त्यामुळे शिकणाऱ्यांची फरफट होते, ही गोष्ट खरी. यावर उपाय म्हणून वरून आदेश आला की मराठीत एक पुस्तक काढायचं, त्यात प्रत्येक भागाला एकच शब्द असेल, आणि तोच शब्द परीक्षेत चालेल. शब्द ठरवण्यासाठी आमच्याच संस्थेत समिती बसली. विचार वाईट नव्हता. विचार कधीच वाईट नसतो, मग माणसं बसतात.

अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचा नेटवर्कशी शेवटचा संबंध टेलिफोनच्या काळ्या चोंग्याशी आला असावा. प्रत्येक बैठकीला ते एक जाड फाईल घेऊन येत आणि ती कधीही उघडत नसत. दुसऱ्या सदस्य एक भाषातज्ज्ञ बाई. त्यांना संस्कृत उत्तम येत होतं आणि विषय अजिबात कळत नव्हता, पण निदान त्या हे कबूल करत. तिसरा एका कंपनीचा माणूस, पुण्याहून पडद्यावर हजर असायचा. त्याचा चेहरा मी वर्षभरात एकदाही पाहिला नाही. पडद्यावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर एका हिरव्या गोलात दिसायचं आणि त्या गोलातून अधूनमधून "हो हो, बरोबर" असं यायचं. चौथा मी. शिवाय संस्थेचे जुने लेखनिक इतिवृत्त लिहायला बसत. साठीला टेकलेला, सावध माणूस. त्या खोलीत तेच एकटे लक्ष देऊन ऐकत होते.

अध्यक्षांची एक पद्धत होती आणि ती त्यांना कमालीची प्रिय होती. शब्द पुढे आला की ते तीनदा विचारत, "हरकत? हरकत? हरकत?" मध्ये श्वास घेण्याइतकीही फट नसे. मग पेनानं स्टीलच्या पेल्यावर टण् करून वाजवत. वाजलं की मंजूर. एकदा मंजूर झालेला शब्द पुन्हा चर्चेला यायचा नाही, हा नियम. आधीच्या खात्यात त्यांनी अशीच तीस वर्षं काढली असणार.

एकाच यंत्रात जागा घेऊन राहणाऱ्या ग्राहकाला मानकांत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ भाडेकरू. मी म्हणालो, भाडेकरू ठेवा, आपल्या महाल भागातल्या कोणत्याही गल्लीत विचारा, कळेल. अध्यक्षांना तो शब्द हलका वाटला. "मानक म्हणजे काही घरमालकाची कटकट नव्हे," ते म्हणाले. चार बैठका त्या एका शब्दाचा कीस पडला आणि शेवटी पेल्यावर जे वाजलं ते होतं 'उपभोगाधिकारी'. हिरवा गोल म्हणाला, हो हो, बरोबर. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. त्या दिवशी महालातून सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, मागवली होती. तिच्यावर मात्र कोणाची हरकत नव्हती आणि पेला वाजायच्या आत ती संपली.

असंच चाललं. ब्रिजचा 'सेतू' झाला, पोर्टचं 'द्वार' झालं. हे दोन तरी बरे. बाकीचे शब्द इथे लिहायची माझी इच्छा नाही, ते उच्चारताना एका सदस्याचा कवळीशी झगडा होत असे. घरी आलो की जेवताना मी बायकोला त्या दिवशीचा शब्द ऐकवायचो आणि अध्यक्षांची नक्कल करून वाटीवर चमचा वाजवायचो. ती सुरुवातीला हसली. नंतर म्हणाली, "इतकं चुकतंय तर तिथं बोलत का नाही?" मी म्हणालो, त्या लोकांशी बोलण्यात अर्थ नाही. हे वाक्य मी त्या वर्षात फार वेळा वापरलं. त्यात मला मोठेपणा वाटायचा.

मे महिन्यातली बैठक. कूलर खडखडत होता, पाणी संपलं होतं आणि नुसता गरम वारा फेकत होता. पुस्तकाचा कच्चा खर्डा आला होता. अध्यक्षांना त्यात एका पानावर 'सेतू' आणि समोरच्याच पानावर 'ब्रिज' सापडला आणि ते खवळले. एका वस्तूला एकच शब्द, हाच आपला पाया, वगैरे. अर्धा तास ते पायावरच होते. मला भूक लागली होती, पाठ ठणकत होती, आणि माझी जीभ सुटली. मी म्हणालो, "मग असं करा ना साहेब. पुस्तकात, प्रश्नपत्रिकेत, उत्तरसूचीत, जिथं जिथं जुना शब्द दिसेल तिथं तिथं आपला घाला. एकही सोडू नका. यंत्राला द्यायच्या आज्ञांमध्येसुद्धा घाला. यंत्रालाही कळू दे, आपण बसलो होतो ते."

यंत्राला द्यायच्या आज्ञा म्हणजे काय, ते सांगतो. यंत्राकडून काम करून घ्यायचं तर ठरावीक इंग्रजी अक्षरांत ठरावीक ओळ टंकावी लागते. ती ओळ यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवलेली असते. त्यातलं एक अक्षर बदललं तर यंत्र ढिम्म हलत नाही. तिथे मराठी शब्द घालणं म्हणजे कुलपाची किल्ली मोडून ठेवणं. हे पहिलीतल्या पोरालाही कळेल, म्हणून मी ते थट्टेत बोललो. मला वाटलं, आता तरी हे लोक हसतील, निदान वरमतील.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "उत्तम सूचना," ते म्हणाले. "हरकत? हरकत? हरकत?"

भाषातज्ज्ञ बाई माझ्याकडे बघत होत्या. तांत्रिक बाबीत त्या नेहमी माझ्याकडेच बघत, हे मला माहीत होतं. हिरवा गोल म्हणाला, हो हो, बरोबर. माझा हात टेबलावर होता आणि तो उचलायला काहीच लागणार नव्हतं. मी उचलला नाही. होऊ दे यांची फजिती, असं माझ्या मनात आलं. छापून येऊ दे हे पुस्तक आणि महाराष्ट्रभर हसू होऊ दे यांचं. पेला वाजला.

दुसऱ्या दिवशी लेखनिक माझ्या टेबलापाशी आले. "सर, आज्ञा म्हंजे त्या काळ्या चौकटीतल्या इंग्रजी ओळी ना? त्यातले बी शब्द बदलू काय? बदलल्यावर त्या चालतीन काय?"

"ठराव झालाय ना?" मी म्हणालो.

"झाला. सूचक म्हणून तुमचंच नाव टाकून राहिलो."

"टाका," मी म्हणालो आणि हसलो. ते हसले नाहीत. आपल्या जागेवर गेले. त्यांनी संगणकावर शोधा आणि बदला असा हुकूम दिला आणि पाऊण तासात पुस्तक, प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची तिन्हींचं वाटोळं झालं. ज्या ओळीला यंत्र मान तुकवायचं, तिच्या मधोमध आता देवनागरीत 'सेतू' बसला होता.

पुस्तक वर्गात आलं तेव्हा मी एक प्रत उचलून सगळ्यांना दाखवली आणि सांगितलं, याच्याकडे ढुंकूनही बघू नका. मी जे फळ्यावर लिहितो ते लिहून घ्या, यंत्रावर चालतं तेवढंच खरं. वर्ग खूश झाला. मला टाळ्यासुद्धा मिळाल्या. कामठीची बाई माझा शब्दन् शब्द लिहून घ्यायची. तिनं ते पुस्तक घेतलं, पण पिशवीतून बाहेर काढलं नाही. मी म्हणालो होतो ना. उत्तरसूचीतही पुस्तकातलेच शब्द आहेत, हे मला माहीत होतं. पण पेपर तपासणारा मीच असणार, तेव्हा बघून घेऊ, असं मी धरून चाललो होतो. बाहेरचे परीक्षक म्हणून खुद्द अध्यक्षच येतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

परीक्षेत दोन गोष्टी होत्या. आधी आज्ञा कागदावर लिहायच्या, मग त्या यंत्रावर चालवून दाखवायच्या. लेखी भागात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागे. बाईनं कागद लिहिला, यंत्रापाशी गेली आणि दहाएक मिनिटांत तिची दोन्ही आभासी यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली. कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही. झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिच्या शेजारी तिच्याच गिरणीतला भांडार विभागाचा एक गृहस्थ होता, त्याच जागेवर डोळा ठेवून आलेला. वर्गाला तो फारसा आला नव्हता, त्यामुळे माझं भाषण त्यानं ऐकलं नव्हतं आणि पुस्तक मात्र पाठ केलं होतं. त्यानं कीबोर्ड मराठीवर घेतला आणि शांतपणे 'सेतू' टंकला. यंत्रानं लाल अक्षरांत नकार दिला. त्यानं पुन्हा टंकला. पुन्हा नकार. अध्यक्ष त्याच्या मागे उभे होते. त्यांनी कागद पाहिला, उत्तरसूची पाहिली, शब्दाला शब्द जुळत होता. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'यंत्रदोष'.

बाईच्या कागदावर एकही आज्ञा सूचीशी जुळत नव्हती. अध्यक्षांनी लाल पेनानं फुल्या मारायला घेतल्या. मी म्हणालो, "साहेब, तिचं चालतंय. समोर बघा, चालतंय."

"चालणं हा लेखीचा निकष नाही," ते म्हणाले. "सूचीप्रमाणे आहे का, हा निकष आहे."

"सूची चुकीची आहे."

"ठराव एकमतानं झालाय." आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांनी ती जाड फाईल उघडली. इतिवृत्ताचं पान माझ्यासमोर धरलं. सूचक म्हणून माझं नाव होतं. "तेव्हा आपलं म्हणणं वेगळं होतं का?"

माझ्याकडे एक रस्ता होता. अंतर्गत परीक्षक म्हणून मी सही नाकारली असती तर निकाल रोखला गेला असता आणि वरून चौकशी आली असती. चौकशीत मला लेखी द्यावं लागलं असतं की मी समितीत बसून समितीची चेष्टा करत होतो, चूक आहे हे कळत असून गप्प बसलो, आणि वर्गाला मंजूर पुस्तक वाचू नका म्हणून सांगितलं. ते वाचताना लोकांचे चेहरे कसे होतील, ते मला दिसायला लागलं. ज्या नजरेनं मी वर्षभर त्या तिघांकडे बघत होतो, त्या नजरेनं माझ्याकडे कोणी बघेल, हे मला सहन होणार नव्हतं. मी भ्यालो. अध्यक्षांनी पेन पुढे केलं आणि मी सही केली.

निकालानंतर काही दिवसांनी ती एका दुपारी संस्थेत आली. बुटीबोरीहून अर्धी रजा टाकून आली होती, घामानं ओढणी भिजलेली. गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सर, माझं तं चाललं होतं. मंग मले नापास काहून केलं?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगायला लागलो. अध्यक्षांची फाईल, हिरवा गोल, उपभोगाधिकारी, तीनदा हरकत. मी चांगला सांगतो, हे मला माहीत आहे. मूर्ख लोकांच्या हातात कारभार गेला की असं होतं, असं मी म्हणालो. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग तिनं गुणपत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे सही तुमचीच आहे ना सर?"

"हो."

"मंग तुम्ही हासून काहून राहिले?"

मी हसत होतो, हे मला तिनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

मी काहीतरी बोललो. माफी मागितली असावी, पण नीट नाही, अर्धी तिची आणि अर्धी नशिबाची. तिनं ती ऐकली न ऐकल्यासारखी केली. जागा भांडारवाल्याला मिळाली, असं तिनं सांगितलं. तो रुजू झाला त्याच दिवशी गिरणीचं नेटवर्क बंद पडलं, तेव्हा त्यानं तिलाच बोलावलं आणि तिनं जाऊन चालू करून दिलं. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं पिशवीतून ते पुस्तक काढलं. कोरं होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. वही काढली, पेनाचं टोपण काढलं. पुढली परीक्षा सहा महिन्यांनी, ती फॉर्म भरून आली होती. गिरणीत आणखी एक जागा निघेल, अशी बोलवा होती.

"आता हे शिकवा मले," ती म्हणाली. "जे चालत नाही ते."

मी म्हणालो, मी वर पत्र लिहितो, सूची बदलून घेतो. तिनं विचारलं, सहा महिन्यांत बदलीन काय? मला खोटं बोलता आलं नाही. तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि वहीच्या नव्या पानावर तारीख घातली. मी पहिली आज्ञा वाचून दाखवली. तिनं ती लिहिली, मग मान वर न करता विचारलं, "इथं द्वारच्या आधी जागा सोडायची काय सर?" मी उत्तरसूची काढून पाहिली आणि सांगितलं, सोडायची.